तिरप्या पायरीची शिडी

प्रश्न १. तपासणीची पूर्वसूचना संस्थेस देण्यात आली होती का?
उत्तर : होय. पंधरा दिवस आधी, लेखी.

फोन आला तेव्हा रंगारी चहात बिस्किट बुडवत होता. पलीकडचा आवाज ऐकला आणि तो खुर्चीत सरळ बसला. तेवढ्यात बिस्किट गळून कपाच्या तळाशी गेलं.

"पत्र आलंय हो," मुलींच्या निवासाच्या अधीक्षिकाबाई म्हणाल्या. "अठरा तारखेला तपासणी."

"करून टाकू बाई. नेहमीचंच ना?"

"नेहमीचंच. पुढचा दिवाणखाना, जिना, आणि ती आतली खोली. आतली जरा नीट करा. यंदा फार खरवडून ठेवलीय मेल्यांनी."

"हात फिरवलात तरी कळणार नाही, बाई."

हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. फुटलेली, खरवडलेली भिंत त्याच्या हाती द्यावी आणि दोन दिवसांनी तिला गाल लावून बघावा. गावातले बाकीचे रंगारी त्याला 'इस्त्री' म्हणत.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "निवासाचा होता वाटतं."

"कसं ओळखलंस?"

"वर्षातून दोनदाच तुमचा आवाज इतका मऊ होतो. माझ्याशी बोलताना एकदा होऊ द्या की." मग भांडी उचलता उचलता, पाठ वळवूनच, "भिंगरी भेटली तर तिला स्वेटर द्या. मागच्या वेळी परत आणलात."

भिंगरी म्हणजे रंगाऱ्याच्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा अकरा वर्षांची होती. मामाकडे दोन वर्षं राहिली आणि त्या दोन वर्षांत तीनदा पळाली. पळून जायची ती तरी कुठे? आईबरोबर जिथे भाड्याने राहायची त्या घरासमोर जाऊन उभी राहायची. घरात आता दुसरेच लोक राहत होते. तिसऱ्या वेळी मधला हमरस्ता ओलांडताना ट्रक तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. मग बालकल्याणाच्या कचेरीतले साहेब म्हणाले, मुलीच्या भल्यासाठी तिला सुरक्षित निवासात ठेवू, तिथे दारांना कुलपं असतात. रंगारी म्हणाला, "साहेब, ती जागा मला माहीत आहे. मीच रंगवलीय. उजेडाची आहे."

आणि त्याने सही केली. आपल्याच रंगाला भुलून माणसाने आपलं मूल तिथे नेऊन दिलं.

प्रश्न ९. मुलींना आपले म्हणणे मोकळेपणाने मांडता येते का?
उत्तर : होय.

दिवाणखान्यात मोकळेपणाची तालीम चालू होती.

पंचवीस-तीस मुली दोन रांगांत उभ्या. समोर अधीक्षिकाबाई, हातात छापील कागद, गळ्यात चष्म्याची साखळी.

"जेवण कसं असतं?"

"छाऽऽन!"

"एका सुरात नको गं! पाठ केल्यासारखं वाटतं. थोडं मागेपुढे म्हणा."

एका मुलीने हात वर केला. "बाई, मी मागे म्हणू की पुढे?"

"तू म्हणूच नकोस. तू नुसती हस."

रंगाऱ्याने कोपऱ्यात डबे ठेवले आणि रांगांवरून नजर फिरवली. मग पुन्हा एकदा फिरवली. भिंगरी दिसली नाही.

"बाई, आमची पोरगी?"

"शिबिराला गेलीय ना ती. बागकामाच्या."

"गेल्या महिन्यातही शिबिरच होतं."

"मग? बागकाम काय महिन्यात येतं? तुम्हाला तरी रंगकाम महिन्यात आलं का?" बाई हसल्या. रांगेतल्या मुलीही हसल्या, कारण बाई हसल्या की हसायचं हे तालमीत आधीच ठरलं होतं. रंगारीही हसला. त्याच्याकडून तालीम कुणी करून घेतली नव्हती, तरी हसला. स्वेटरची पिशवी त्याने डब्यांमागे सरकवली.

प्रश्न १४. अंथरुणे-पांघरुणे स्वच्छ व पुरेशी आहेत का?
उत्तर : होय.

(आहेत. कपाटात. सतराला निघतात, एकोणिसाला परत जातात.)

प्रश्न २३. एकांत कक्षाचा वापर. (एका वेळी दोन तासांपेक्षा अधिक नसावा.)
उत्तर : निरंक.

निरंक हा सरकारी शब्द मोठा गुणी आहे. काहीच घडलं नाही, असं तो म्हणतो, आणि म्हणताना त्याला लाज वाटत नाही.

कागदावर त्या खोलीचं नाव 'शांत कक्ष'. मुली तिला 'डबा' म्हणत. लांबीला चार पावलं, रुंदीला तीन. लोखंडी कॉट जमिनीत पक्की रोवलेली. दिव्याला तारेची जाळी. खिडकी म्हणावी तर छताजवळ एक झडप, वहीच्या पानाएवढी. दाराला आतून कडी नाही की मूठ नाही, म्हणून रंगारी आत काम करत असला की बाहेर स्टुलावर कुणीतरी बसावं लागे. ते काम चावीबाईचं. कमरेला जुडगा, हातात विणकाम. निवासातल्या अठरा दारांच्या किल्ल्या तिच्याकडे होत्या आणि त्यांतलं एकही दार तिच्या मर्जीने उघडत नव्हतं.

रंगाऱ्याने जमिनीवर कापड पसरलं, भेगा बुजवायची लांबी मळली आणि पत्ती हातात घेतली. भिंतीवर नेहमीचंच होतं. ओरखडे, आकडे, अर्धवट नावं, कुणीतरी काढलेली मांजर. सात वर्षांत तेरा-चौदा वेळा त्याने हे सगळं बुजवलं होतं. वाचत मात्र कधी बसला नव्हता. वाचत बसलं तर भिंत कधी व्हायची? तुम्ही-आम्ही बँकेतला बारीक अक्षरांतला कागद जसा वाचतो, तसा तो ती भिंत वाचायचा. म्हणजे सहीची जागा तेवढी शोधायची.

मांजर बुजवली. एक नाव बुजवलं. मग कॉटच्या मागे, फरशीलगत हात घालायला तो गुडघ्यावर बसला आणि पत्ती तशीच धरून राहिला.

तिथे शिडी होती.

बोटभर रुंद, आडवी पसरत गेलेली, दोन समांतर रेघा आणि मध्ये पायऱ्या. कशाने तरी पुन्हा पुन्हा घासून खोल केलेली. आणि तिसरी पायरी तिरपी.

रंगाऱ्याच्या घरी जी शिडी आहे तिची तिसरी पायरी कितीतरी वर्षांपूर्वी त्याच्या वजनाने मोडली होती. त्याने तारेने बांधली, ती तिरपी बसली, तशीच राहिली. आणि त्याला एक सवय होती. काम सुरू केलं की भिंतीच्या अगदी तळाशी पेन्सिलने छोटी शिडी काढायची, दिवसाला एक पायरी. काम किती दिवस चाललं ते त्यावरून कळे, आणि शेवटचा हात मारताना ती शिडी रंगाखाली जाई. गंमत म्हणून तिसरी पायरी तो तिरपी काढायचा. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. सुट्टीत भिंगरी त्याच्याबरोबर कामावर यायची, ब्रश धुवायची आणि पायरी काढायचा मान मागायची. "खाली का रे काढतोस मामा?" "खाली कुणी वाकून बघत नाही, म्हणून."

त्याने पायऱ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. एकेचाळीस.

"चावीबाई," तो बसल्या जागेवरूनच म्हणाला. "या खोलीत कोण होतं?"

सुया थांबल्या. "मला काय विचारता? वहीत बघा. निरंक आहे."

"वही मला वाचता येते. तुम्हाला विचारतोय."

"तुमचं काम भिंतीचं. भिंत करा."

"भिंतच करतोय. भिंतीवर माझ्या घरची शिडी आहे."

मग स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि चावीबाई दारात येऊन उभी राहिली. आवाज खाली आणून म्हणाली, "पहिल्या आठवड्यात फाटकावर चढली. बाई म्हणाल्या, दोन तास ठेवा. दोन तासांनी बाहेर काढलं, पुन्हा फाटकाकडे पळाली. मग बाई म्हणाल्या, दोन तास झाले की पाच मिनिटं बाहेर उभी करायची आणि पुन्हा दोन तास. म्हणजे एका वेळी दोन तासच होतात. नियमाला धरून."

"आणि रात्री?"

"रात्रीचं तपासणीच्या तक्त्यात विचारलेलं नाही."

"आणि ही आहे कुठे आत्ता?"

"वरच्या मजल्यावर. खोली रंगवायची म्हणून काढलीय." चावीबाईने सुईचं टोक आपल्याच तळव्यावर टेकवलं. "अठराला तिची आणि आणखी दोघींची सहल आहे."

"कुठे?"

"मागच्या अंगणात. गाडीत. पडदे लावून. तपासणीचे साहेब गेले की सहल संपते."

प्रश्न ३१. पालकांशी संपर्क ठेवला जातो का?
उत्तर : होय. नियमित.

बायको वाळलेले कपडे घडी घालत होती. रंगाऱ्याने सगळं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. अशा गोष्टी थोडक्यातच असतात.

"तीनदा पळाली," बायको म्हणाली. "तीनदा मी पायांत चप्पल नसताना रस्ताभर शोधली तिला. कुलूप बरं, असं मलाही वाटलं. खोटं कशाला बोलू? पहिल्या रात्री मी गाढ झोपले."

"मीही झोपलो."

"एकेचाळीस म्हणजे दिवस?"

"दिवस."

तिने हातातला शर्ट अर्धाच दुमडून ठेवला. "तुम्ही लांबी भरलीत का तिच्यावर?"

"नाही. तिथेच थांबलो."

"आणि आधीच्या? तुम्ही चौदा वेळा जाऊन आलात तिथे."

रंगारी नखांत अडकलेली लांबी काढू लागला.

"म्हणजे कुणाच्या तरी पोरी होत्या त्याही. त्यांच्यावर भरलीत." ती चिडून नव्हती बोलत, म्हणून जास्त लागलं. "इस्त्री म्हणतात ना तुम्हाला. आणि घरी येऊन मला काय सांगायचात? बाईंनी चहा दिला, दोन बिस्किटं दिली."

"उद्या जाऊन सांगतो, काम जमणार नाही."

"म्हणजे दुसरा कुणी येईल आणि गुळगुळीत करून जाईल. फार मोठा पराक्रम." तिने शर्ट पुन्हा उलगडला आणि नव्याने घडी घातली. "काम सोडू नका. काम करा. पण यंदा उलटं करा."

प्रश्न २६. भिंती, छत व जमीन सुस्थितीत आहेत का?

पुढचे चार दिवस रंगारी इतकं मन लावून काम करत होता की अधीक्षिकाबाईंनी स्वतःहून दुसरा चहा पाठवला.

तीन भिंती त्याने आरशासारख्या केल्या. चौथी, कॉटमागची, त्याने रंगवली नाही. तो तिला खरवडत होता. पाण्याने भिजवून, पत्ती आडवी धरून, एकेक हात अलगद सोलत. पिस्त्याच्या रंगाखाली फिकट निळा निघाला, तो दोन वर्षांपूर्वीचा. त्याच्याखाली मलई. मग गुलाबी, तो बाईंनी 'मुलींना आवडेल' म्हणून निवडला होता. प्रत्येक रंग त्याला ओळखीचा होता, कारण तो त्यानेच दिला होता. आणि प्रत्येक रंगात पांढऱ्या लांबीच्या रेघा होत्या, सुबक भरलेल्या. नखाने टोकरली की लांबी निघून येई आणि खालचं अक्षर उघडं पडे.

'आई ये.' निळ्यात.

'मी काही केलं नाही', सात वेळा, मलईत. सातव्या वेळी 'काही' राहून गेलं होतं.

गुलाबीत नुसतं एक दार. त्याला मूठ काढलेली, आतल्या बाजूने.

ज्या कामाचा त्याला अभिमान होता ते काम आता त्याच्या पायाशी पापुद्र्यांचा ढीग होऊन पडलं होतं. चावीबाई स्टुलावरून बघत होती. तिने एकदाही विचारलं नाही, हे काय चाललंय. तिसऱ्या दिवशी फक्त म्हणाली, "तो निळ्यातला 'आई ये' बघितलात ना? ती धाकटी होती. दात पडत होते तिचे अजून." आणि पुन्हा विणायला लागली.

सतराला बाई खोली बघायला आल्या.

"दार उघडू नका बाई," रंगारी दारातच उभा राहून म्हणाला. "ओला आहे. धूळ बसली तर डाग पडेल. उद्या साहेबांबरोबरच उघडा. एकदम ताजं दिसेल."

"हात फिरवला तरी कळणार नाही ना?"

"यंदा तर नजर फिरवली तरी कळेल, बाई, कसं काम झालंय ते."

बाई खूश झाल्या.

प्रश्न २६. (पुढे चालू)

साहेब अकराच्या ठोक्याला आले. सोबत तक्ता, चौसष्ट प्रश्नांचा, पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेला. हा माणूस दुष्ट नव्हता. तो दुष्ट असता तर या कथेत त्याला निदान काहीतरी वजन आलं असतं. तो नीटनेटका होता. एका दिवसात दोन निवास तपासायचे असत आणि दुसऱ्या निवासातलं जेवण चांगलं असे, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. त्यामुळे इथे त्याची पावलं झपझप पडत.

दिवाणखान्यात मुली मागेपुढे 'छान' म्हणाल्या. साहेबांनी खूण केली. चादरींना हात लावला, खूण केली. "सगळ्या मुली हजर?" "तीन सहलीला गेल्यात." "अरे वा, सहल!" त्याचीही एक खूण झाली.

मग ते आतल्या खोलीशी आले. चावीबाईने कुलूप काढलं. रंगारी डबे आवरण्याच्या निमित्ताने आतच उभा होता.

कॉटमागची भिंत दारातून सरळ समोर दिसत होती. पिस्ता, निळा, मलई, गुलाबी, जिना उतरावा तसे टप्प्याटप्प्याने सोललेले, आणि त्या सगळ्यांवर ओरखडे. कुणीतरी भिंतीचं पोट फाडून दाखवावं तशी.

बाईंच्या गळ्यातली साखळी हलायची थांबली.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"भिंत आहे साहेब," रंगारी म्हणाला. "चौदा वेळा मीच झाकली. आपलं पत्र यायचं, बाईंचा फोन यायचा, मी यायचो. आपण येण्याआधी सगळं बुजवून जायचो. ही खालची शिडी बघा. वाकावं लागेल. एकेचाळीस पायऱ्या. एकेचाळीस दिवस. माझी भाची आहे ती. आत्ता मागच्या अंगणात गाडीत बसलीय, पडद्यामागे. वीस पावलांवर. चला, दाखवतो."

साहेब वाकले नाहीत. त्यांनी तक्त्यात बघितलं. पान उलटलं, परत मागे आले. एखादा माणूस औषधाच्या दुकानात चिठ्ठी वाचतो तसे ओठ हलवत त्यांनी काही प्रश्न वाचले.

"एकांत कक्षाचा वापर निरंक आहे," ते म्हणाले.

"तो कागदावर, साहेब. भिंतीवर एकेचाळीस आहे."

"मी कागदाची पडताळणी वहीशी करतो. भिंतीशी करायची तरतूद नाही."

"मग गाडी तरी बघा!"

"आवारात उभी वाहने," साहेबांनी बोट खाली नेत नेत शोधलं, आणि खरंच शोधलं हो, त्याबाबतीत त्यांना दोष देता येणार नाही. "तो प्रश्न अग्निशमनचा. आमच्याकडे येत नाही."

"साहेब, आपल्याला मुलगी आहे?"

"हे असं वैयक्तिक बोलू नका." साहेबांचा चेहरा क्षणभर पडला, मग पुन्हा जागेवर आला. त्यांनी घड्याळ बघितलं आणि बाईंकडे वळले. "पण बाई, हे चालणार नाही. प्रश्न सव्वीस. भिंत सुस्थितीत नाही. नोंद करावी लागेल मला."

बाईंच्या जिवात जीव आला. तो येताना सगळ्यांना दिसला. "करा ना साहेब. आमची चूक आहे. चुकीचा माणूस लावला."

साहेबांनी लिहिलं. चौसष्ट प्रश्नांत हा एकच प्रतिकूल शेरा. कुणालाही वाचता येईल अशा गोल, देखण्या अक्षरात :

'एकांत कक्षातील एका भिंतीचे रंगकाम अपूर्ण. पंधरा दिवसांत पूर्ण करावे.'

ज्यावर प्रश्न नाही, असे काही

रंगारी खोलीतून निघाला तो थेट मागच्या अंगणात. कुणी अडवलं नाही, कारण सगळे साहेबांना निरोप देण्यात गुंतले होते. गाडी धोबीखान्यामागे उभी होती. ड्रायव्हर पायरीवर बसून शेंगा सोलत होता.

"सहल कशी चाललीय?" रंगाऱ्याने विचारलं.

ड्रायव्हरने त्याच्याकडे बघितलं, मग शेंगांकडे. "मी नुसता चालवतो," तो म्हणाला. गाडी पहाटेपासून जागची हलली नव्हती. पण तो उठून चार पावलं बाजूला जाऊन बसला, पाठ करून.

रंगाऱ्याने काचेवर टकटक केलं. पडदा बोटभर सरकला. भिंगरीचे केस कुणीतरी कानापर्यंत कापले होते. ती त्याच्याकडे बघत राहिली, जशी भिंतीकडे बघावी.

"मामा, तू रंगवलीस?"

"नाही."

"खरं?"

"खरं. उलट सोलली. शिडी दिसली मला. एकेचाळीस."

तिने मान हलवली. "चव्वेचाळीस आहेत. तीन कॉटच्या पायामागे आहेत. दिसतात, पण त्यासाठी पोटावर झोपायला लागतं." मग पडदा आणखी बोटभर सरकवून, "तू वाकतोस, पण पूर्ण नाही वाकत."

रंगाऱ्याला आयुष्यात पुष्कळ लोकांनी पुष्कळ बोललं होतं. शेजाऱ्यांनी, बायकोने, पैसे बुडवणाऱ्या बंगलेवाल्यांनी. पण हे एक वाक्य त्याच्या हाडात जाऊन बसलं.

"तिसरी पायरी बरोबर काढली ना मी?" भिंगरीने विचारलं.

"माझ्यापेक्षा तिरपी," तो म्हणाला, आणि काचेला कपाळ टेकवून उभा राहिला.

त्याच दुपारी त्याने आणि बायकोने कचेरीत जाऊन अर्ज दिला : सही मागे घेतो, मूल परत द्या. मूल आत घालायला एक सही आणि दहा मिनिटं लागली होती. बाहेर काढायला सव्वीस दिवस आणि अकरा टेबलं लागली. रोज सकाळी बायको निवासाच्या फाटकाशी जाऊन बसे, आतून दिसेल अशी, मांडीवर तो स्वेटर घेऊन. आणि त्या सव्वीस दिवसांत आतल्या खोलीचं दार उघडलंच नाही, त्यामुळे कुणालाच आत कोंडता आलं नाही. चावीबाईने सांगितलं, किल्ली हरवली. बाई ओरडल्या, जुडगा हिसकावून घेतला, एकेक किल्ली लावून बघितली. नव्हतीच. कुलूपवाल्याला बोलवावं, तर तो दाराच्या आत बघणार. रंगारी तासाभरात मिळवणाऱ्या त्या संस्थेला महिनाभर कुलूपवाला मिळाला नाही. चावीबाईला पुढच्या महिन्यात कामावरून काढलं. निघताना तिने रंगाऱ्याच्या घरी येऊन किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ही हरवलेली. सांभाळून हरवा."

सत्ताविसाव्या दिवशी भिंगरी घरी आली. पहिला आठवडा ती दाराशी अंथरूण टाकून झोपली. मग रंगाऱ्याने तिच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढलं आणि माळ्यावर टाकलं. शेजारी विचारतात, दार कुठे गेलं. बायको सांगते, "सहलीला."

प्रश्न ६४. इतर काही नमूद करावयाचे आहे का?
उत्तर :

हा शेवटचा रकाना साहेबांच्या प्रत्येक तक्त्यात रिकामा असतो. अहवालाची प्रत निवासाच्या फाटकावर लावलेली होती. रंगाऱ्याने ती वाचली, शेवटची रिकामी ओळ बघितली आणि घरी जाऊन माळ्यावरून एक पिंप खाली काढलं.

रंगाच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात : भिंतीवर डांबर सांडू देऊ नका. डांबरावर चुना मारा, तेलरंग मारा, काहीही मारा, आठ-दहा दिवसांत ते पिवळट-तपकिरी होऊन वर येतं. पुन्हा मारा, पुन्हा येतं.

रविवारी सकाळी, भर उन्हात, रस्त्याने लोक येत-जात असताना, तिघं निवासाच्या बाहेरच्या भिंतीशी गेली. रंगाऱ्याने खरी शिडी लावली. बायकोने खालून ती धरली. त्याने डांबरात ब्रश बुडवून दोन उभ्या रेघा ओढल्या, पार माथ्यापर्यंत, आणि पायऱ्या काढत गेला. बघे जमले. कुणी विचारलं, जाहिरात कसली? बायको म्हणाली, "आत किती दिवस ठेवतात त्याची." तिसरी पायरी त्याने सोडली होती. ती भिंगरीने काढली. तिला वाकावं लागलं नाही.

चव्वेचाळीस. शेजारी आणखी एक शिडी, तिच्या पायऱ्या किती ते ठाऊक नसल्यामुळे वर उघडी सोडलेली. ती 'आई ये'वालीची.

दुपारी बाईंचा फोन आला. आवाज चढलेला. तक्रार करीन, पोलीस आणीन.

"आणा ना बाई," रंगारी म्हणाला. "त्यांना विचारू द्या मला, का काढली म्हणून. आजवर कुणी विचारलंच नाही."

पोलीस काही आले नाहीत. पोलीस आले की लिहून घेतात. त्यापेक्षा बाईंनी दुसरा रंगारी लावला. आठव्या दिवशी शिडी वर आली. तिसरा लावला, त्याने आधी अस्तर मारलं, मग दोन हात. दहाव्या दिवशी आली, आणि आता तिच्या कडा पसरून ती जास्तच ठसठशीत दिसते. रस्त्याने जाणाऱ्या शाळेच्या मुली मोठ्याने पायऱ्या मोजतात आणि घरी जाऊन विचारतात, हे काय आहे. काही घरांत त्यांना उत्तर मिळतं. बाकीच्या घरांत, तुमच्या-आमच्या, त्यांना सांगतात की जेव आधी.

पुढच्या तपासणीचं पत्र आलं आहे. पंधरा दिवस आधी, लेखी. भिंतीला सध्या पाचवा हात चालू आहे.